बारावीपर्यंत बायोलॉजी, पुढे काय?



गेल्या जूनमधली गोष्ट. शाळा सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले होते. मधल्या सुट्टीत शिपायाने निरोप आणला, ‘मॅडम, तुमची जुनी मुलगी आलीय, सोबत तिचे अब्बा आहेत.’ बाहेर येऊन पाहिले तर तीन वर्षांपूर्वी दहावीला माझ्या वर्गात असलेली मुलगी. अब्बा बोटीवर तांडेल. जून-जुलै मासेमारीची बंदी असते, म्हणून ते घरी सापडतात, नाहीतर मुलीच्या शाळेत यायला त्यांना कधी वेळ मिळत नाही. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात बारावीची गुणपत्रिका आणि नीटचा निकाल.

‘मॅडम, यावर पात्र लिहिलंय ना? तिच्या चाचाने तर पेढेपण वाटले. मग आता कॉलेज मिळणार नाही असं का म्हणतात सगळे?’

दरवर्षी जूनमध्ये हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारते, म्हणून आधी त्याचेच उत्तर देते. नीट ७२० गुणांची परीक्षा आहे. २०२५ साली खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची रेषा १४४ गुणांवर होती. परीक्षेला बसली २२ लाखांहून जास्त मुले आणि पात्र ठरली १२ लाखांहून जास्त. एमबीबीएसच्या जागा मात्र सरकारी आणि खासगी मिळून देशभरात सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे पात्र झालेल्या दहा मुलांपैकी एकाला जागा, आणि तीही खासगी कॉलेजांची फी परवडेल असे धरून. ‘पात्र’ याचा अर्थ फक्त रांगेत उभे राहायची परवानगी मिळाली, एवढाच. या मुलीला २६८ गुण होते. बारावीसोबत, कोचिंगशिवाय, एकटीने अभ्यास करून मिळवलेले. मला ते कमी वाटले नाहीत. पण त्या गुणांवर एमबीबीएस मिळणार नव्हते.

अब्बांचे म्हणणे होते, आणखी एक वर्ष बसू दे. अम्मीचे म्हणणे असे की वर्षभर घरी बसवायची तर मग फुफूने आणलेले स्थळ काय वाईट आहे? अम्मीला मी दोष देत नाही. आपल्याकडे घरी बसलेली मुलगी आणि कॉलेजात जाणारी मुलगी यांच्याकडे बघण्याची नजरच वेगळी असते. परीक्षेला वयाची किंवा प्रयत्नांची मर्यादा नसली तरी घराच्या सबुरीला मर्यादा असते.

मुलगी इतका वेळ गप्प होती. मी तिला विचारले, ‘तुला काय करायचंय?’

‘बीएस्सी करते, मॅडम.’

‘कशात?’

‘बायोलॉजीत.’

मी हसले नाही, कारण बावीस-तेवीस वर्षांपूर्वी मीही हेच उत्तर दिले होते. आपल्या आसपासच्या कॉलेजांत बीएस्सीला बायोलॉजी नावाचा विषय नसतो. बारावीचे एक पुस्तक पदवीला जाऊन फुटते. त्याचे वनस्पतिशास्त्र होते, प्राणिशास्त्र होते, मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, बायोटेक्नॉलॉजी होते. आपल्या मुलांना हे प्रवेशाच्या खिडकीसमोर कळते, तेव्हा मागे रांग लागलेली असते आणि क्लार्क म्हणत असतो, ‘लवकर सांगा, कुठला ग्रुप?’ मग मैत्रिणीने जे घेतले तेच आपणही घ्यायचे.

आता घरातल्या मोठ्यांना वाटते की सगळे एकच तर आहे, झाडे आणि किडे. शिकण्याच्या दृष्टीने ते बरेचसे खरेही आहे. पुढच्या प्रत्येक दरवाजावर मात्र वेगळे नाव मागतात. दोन उदाहरणे देते. अन्न व औषध प्रशासनात अन्न सुरक्षा अधिकारी हे पद असते. हॉटेलांची, मिठाईच्या दुकानांची तपासणी करणारे. त्यासाठीच्या पदव्यांच्या यादीत मायक्रोबायोलॉजी आहे, बायोकेमिस्ट्री आहे, बायोटेक्नॉलॉजी आहे. प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र नाही. आता उलट बघा. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला पदवीत जे विषय चालतात त्यांत प्राणिशास्त्र आहे, वनस्पतिशास्त्र आहे, रसायनशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, सांख्यिकी, भूगर्भशास्त्र आहे. मायक्रोबायोलॉजीचे नाव तिथे नाही. दोन सख्ख्या बहिणी, एकीने झूलॉजी घेतली, दुसरीने मायक्रो. दोघी सारख्याच हुशार, दोघींनी सारखीच मेहनत केली, आणि एकीला जो फॉर्म भरता येतो तो दुसरीला भरता येत नाही. हे तिसऱ्या वर्षानंतर कळले तर त्याला काही इलाज उरत नाही.

म्हणून मी मुलांना जाहिरात उलटीकडून वाचायला सांगते. पगार आणि जागांची संख्या सगळेच आधी बघतात. तुम्ही आधी ‘शैक्षणिक पात्रता’ ही ओळ वाचा. पदवीचे नाव, विषयाचे नाव, किती टक्के, बारावीला कुठले विषय. दोन-तीन नोकऱ्यांची आणि दोन-तीन प्रवेश परीक्षांची ही ओळ वहीत उतरवून घ्या आणि मग कॉलेजच्या खिडकीवर जा. एका दुपारचे काम आहे.

यात रसायनशास्त्राबद्दल थोडे जास्त सांगायला हवे, कारण तिथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. आमच्या वेळी पहिल्या वर्षाला तीन विषय असायचे आणि पुढे एकेक गळायचा. मला फिजिकल केमिस्ट्रीची भीती वाटायची, त्या आकडेमोडीने घाम फुटायचा. पहिल्या वर्षानंतर मी केमिस्ट्री सोडली आणि झूलॉजी-बॉटनी ठेवले. कुणी विचारले नाही, का सोडतेस? कुणी सांगितले नाही की पुढे तुला बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करावेसे वाटले तर काय करशील? दोन वर्षांनी मला तेच करावेसे वाटले. खिडकीवरच्या माणसाने फॉर्म परत सरकवला आणि म्हणाला, ‘केमिस्ट्री नाही तुमच्याकडे.’ मग मी बीएड केले. शिक्षिका झाल्याचा मला पस्तावा नाही, अल्लाहचे शुक्र आहे. पण तो फॉर्म परत सरकवल्याचा आवाज अजून कानात आहे.

आजही तेच आहे, उलट जास्तच. गेट परीक्षेचा लाइफ सायन्सेसचा पेपर घ्या. त्यात रसायनशास्त्राचा भाग सगळ्यांना सक्तीचा असतो. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री आणि फूड टेक्नॉलॉजी यांतून दोन भाग आपण निवडायचे. आयआयटीत एमएस्सीसाठी जी जॅम परीक्षा होते, तिच्या बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात रसायनशास्त्र तर येतेच, शिवाय बारावीच्या पातळीचे गणित आणि भौतिकशास्त्रही येते. गणितातून सुटका व्हावी म्हणून बायोलॉजी घेणारी मुले (आणि त्याहून जास्त मुली, कारण ‘मुलींना गणित कशाला’ हे वाक्य आपल्या घरांतून अजून गेलेले नाही) इथे येऊन अडतात. माणसाच्या एका पेशीतल्या जीनोममध्ये सुमारे ३ अब्ज अक्षरांच्या जोड्या आहेत. त्या हाताने मोजून कुणी वाचत नाही. आजची बायोलॉजी बरीचशी आकड्यांवर आणि संगणकावर चालते. म्हणून ज्यांच्या घरी या वर्षी दहावीचे मूल आहे त्यांना माझे सांगणे आहे, झेपत असेल तर अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. पुण्याच्या आयसरसारख्या संस्थेच्या प्रवेश परीक्षेत ६० प्रश्न असतात, चारही विषयांचे पंधरा-पंधरा. गणित सोडलेल्या मुलांना ही परीक्षा देता येते, पण पंधरा प्रश्न समोर तसेच पडून राहतात. आणि खरेच झेपत नसेल, तर सोडा, पण पदवीला संख्याशास्त्राचा एखादा पेपर मिळत असेल तर तो टाळू नका.

आता नव्या शैक्षणिक धोरणाने विषयांची मांडणी बदलली आहे. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे शब्द प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत दिसतात आणि पालक ती पुस्तिका मिटून ठेवतात. घाबरण्यासारखे त्यात काही नाही. मेजर म्हणजे जो विषय तुमच्या पदवीवर येणार तो. मायनर म्हणजे त्याच्या जोडीचा. झूलॉजी मेजर घेतली तर मायनरला केमिस्ट्री मिळते का, एवढे विचारा. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते आणि चौथे वर्ष करून ऑनर्सही घेता येते. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. म्हणजे पहिल्या वर्षी ‘हे वर्ष काय, सगळे पासच होतात’ असे म्हणून जे गुण सोडले जातात, ते चौथ्या वर्षी येऊन हिशेब मागतात.

अशा वेळी मला सालिम अली आठवतात. पक्ष्यांचे अभ्यासक म्हणून आपण सगळे त्यांना ओळखतो, पण त्यांचे कॉलेज कसे झाले ते फारसे कुणी सांगत नाही. १८९६ सालचा जन्म, लहानपणीच आई-वडील गेले, मुंबईत खेतवाडीला मामूंकडे वाढले. सेंट झेवियर्स कॉलेज अर्धवट सोडून ते बर्मात घरच्या खाणीच्या धंद्यावर गेले. १९१७ साली परत आले तेव्हा व्यापारी कायदा आणि हिशेब शिकायला दावर कॉलेजात नाव घातले. पक्ष्यांचा नाद असलेला मुलगा, आणि शिकतोय जमाखर्च! झेवियर्सचे फादर ब्लाटर, स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ, यांनी या मुलाचा जीव कशात आहे ते ओळखले आणि त्याला प्राणिशास्त्राच्या वर्गाला बसायला राजी केले. सकाळी दावर कॉलेज आणि मग झेवियर्सचे वर्ग. सल्ला म्हणजे हा. मुलाच्या डोळ्यांत बघून दिलेला, आणि दिल्यावर वर्गात जागा करून देणारा.

पण त्याच गोष्टीची दुसरी बाजूही मुलांना सांगितली पाहिजे. विद्यापीठाची रीतसर पदवी हातात नसल्यामुळे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातली पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. पुढे १९२६ साली मुंबईच्या म्युझियममध्ये गाइड-लेक्चररचे काम मिळाले, जर्मनीला जाऊन शिकून आले, तर १९३० साली परत आल्यावर ते पदच उरले नव्हते. मग आपल्या अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले आणि तिथे सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला, त्यातून नाव झाले. आवड मोठी असली तरी कागद मागणारा कागद मागतोच. सालिम अलींच्या अंगी तो धक्का पचवण्याची ताकद होती, आणि पाठीशी खानदान होते. आपल्या मुलांजवळ आवड आणि कागद दोन्ही असू द्या.

कॉलेजात सल्ला कुणाला विचारायचा? तुम्हाला नवल वाटेल, पण बहुतेक कॉलेजांत प्रत्येक मुलाला एक शिक्षक नेमून दिलेला असतो. त्याला मेंटॉर म्हणतात. नॅकची समिती येते तेव्हा एका मेंटॉरमागे किती विद्यार्थी हे विचारले जाते, म्हणून त्याची यादी असतेच. कित्येक ठिकाणी तो रजिस्टरवर सही करण्यापुरता असतो, हे मी जाणते. मुलांना त्याचे नावसुद्धा माहीत नसते. पहिल्या आठवड्यात ऑफिसात जाऊन विचारा, ‘माझे मेंटॉर कोण?’ आणि त्यांच्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. ‘सर, मी काय करू?’ असे विचारले तर सर म्हणणार, ‘अभ्यास कर.’ आपली ती वही घेऊन जा आणि सांगा, ‘सर, मला या दोन परीक्षा द्यायच्या आहेत, त्यांची पात्रता अशी आहे, माझे विषय असे आहेत, काही अडेल का?’ असा प्रश्न घेऊन आलेल्या मुलाला कुठलाही शिक्षक परत पाठवत नाही. मी स्वतः शिक्षिका आहे, म्हणून सांगते.

त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात बसून मी तांडेलभाईंना प्रश्न लिहून दिले. कॉलेजात तिसऱ्या वर्षाला कुठले विषय खरेच चालतात? (लहान गावांत पहिल्या वर्षाला चार विषय दाखवतात आणि तिसऱ्याला एकच उरतो.) हा कोर्स अनुदानित की विनाअनुदानित? मायक्रोबायोलॉजी, बायोटेक बऱ्याच ठिकाणी विनाअनुदानित असतात आणि त्यांची फी झूलॉजीच्या कितीतरी पट असते. प्रॅक्टिकल किती वाजता सुटते आणि त्यानंतर आपल्या गावची एसटी आहे का? हा शेवटचा प्रश्न कुठल्या पुस्तिकेत नसतो, पण मुलींचे शिक्षण याच प्रश्नावर थांबते.

त्यांनी एकच शंका काढली, ‘झूलॉजीत बेडूक कापायला लावतात ना?’ आता लावत नाहीत. २०१४ साली यूजीसीने पदवी आणि पदव्युत्तर वर्गांत प्राणी कापण्यावर बंदी घातली. ते ऐकून अब्बांना बरे वाटले. मुलीला बहुधा थोडे वाईट वाटले.

मग मी तिला विचारले, ‘एमएचटी-सीईटी किती पडले?’ ती खाली बघू लागली. फॉर्मच भरला नव्हता. ज्युनिअर कॉलेजात कुणीतरी सांगितले होते की डॉक्टर व्हायचे तर नीटवर लक्ष दे, सीईटी इंजिनिअरिंगवाल्यांची असते. हे ऐकून मला खरोखर राग आला. सीईटीला पीसीबी हा वेगळा गट आहे. राज्यातल्या बी.फार्मसीच्या जागांचा मुख्य रस्ता त्यातूनच जातो, शेतीच्या आणि मत्स्यविज्ञानाच्या पदव्यांनाही ते गुण कामाला येतात. अभ्यासक्रम तोच बारावीचा, वेगळी तयारी फारशी नाही. शिवाय ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटातल्या ज्या मुलींच्या घरचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत आहे, त्यांची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी २०२४-२५ पासून राज्य सरकार भरते. आपल्यातल्या कितीतरी बिरादऱ्या ओबीसीत आहेत, पण दाखले काढलेले नसतात. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला ही कामे अकरावीतच उरकून ठेवा. जूनमध्ये सेतू कार्यालयासमोर उभे राहून ती होत नाहीत.

वर्ष घरी बसून पुन्हा नीट द्यावी का, याबद्दल माझे मत मी त्यांना स्पष्ट सांगितले. पहिल्या प्रयत्नात पाचशेच्या पुढे असती तर मी म्हटले असते, बसू दे. २६८ वर असताना नुसते बसवू नका. पदवीला प्रवेश घ्या, कॉलेज चालू ठेवा, आणि तिची इच्छा असेल तर सोबत नीटही देऊ दे. दुसऱ्या शिक्षकांचे मत वेगळे असू शकते, कोचिंगवाल्यांचे तर असणारच. पण घरी बसलेल्या मुलीचे पुस्तक दोन महिन्यांत स्वयंपाकघरात सरकते, हे मी पंधरा-सोळा वर्षे पाहते आहे.

तांडेलभाई कॉलेजात गेले. माझी चिठ्ठी हातात धरून त्यांनी विभागप्रमुखांना एकेक प्रश्न वाचून विचारला, असे मुलीने मला नंतर सांगितले. सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. तिथे तिसऱ्या वर्षाला झूलॉजी आणि केमिस्ट्री दोन्ही चालतात असे कळले. तिने झूलॉजी मेजर घेतली, केमिस्ट्री मायनर. फुफूने आणलेले स्थळ ‘पोरगी शिकतेय’ या उत्तरावर तूर्त थांबले आहे.

ऑगस्टमध्ये बंदी उठून बोटी परत दर्यावर गेल्या. एके दिवशी प्रॅक्टिकलमध्ये मासे ओळखायचे होते. ट्रेमध्ये ठेवलेले सगळे मासे तिने सर सांगायच्या आधीच ओळखले, फक्त आपल्या भाषेतल्या नावांनी. सरांनी शास्त्रीय नावे लिहून दिली. घरी येऊन तिने अब्बांना सांगितले, बांगड्याला ‘रास्ट्रेलिजर कानागुर्टा’ म्हणतात. अब्बा म्हणाले, एवढं मोठं नाव घेईपर्यंत बांगडा जाळ्यातून निघून जाईल.

तेव्हापासून तिच्या डोक्यात रत्नागिरीच्या शिरगावचे मत्स्य महाविद्यालय घोळते आहे. तिथे गेली तर हे एक वर्ष वाया जाईल, पण तिला ते चालेल असे म्हणते. अम्मीला मात्र हॉस्टेलची काळजी आहे. या वेळचा सीईटीचा फॉर्म तिने पहिल्याच आठवड्यात भरला आणि पावतीचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. नीटचाही भरायचा का, ते अब्बा दर्यावरून परतले की ठरवणार आहेत.